मागच्या फळीतला माणूस

"तो मागे उभा राहून नेमकं करतो काय?"

हे आमचे असिस्टंट कोच म्हणाले, ऑफिसच्या किचनमध्ये, कॉफी मशिनपाशी. त्यांच्यासमोर क्लबचे डायरेक्टर होते. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे तेच ठरवतात. मी फ्रिजच्या पलीकडे मायक्रोवेव्हसमोर उभी होते. आत माझी भेंडीची भाजी फिरत होती. बीप वाजायच्या आत मी दार उघडलं, म्हणजे मी तिथे आहे हे कुणाला कळायला नको.

"अख्ख्या टीममध्ये सगळ्यात कमी टॅकल त्याचे आहेत. पस्तिशी उलटली. गुरुवारी क्लिप्स बघू, पण अजून एक वर्ष द्यायचं कारण मला तरी दिसत नाही."

"माणूस चांगला आहे," डायरेक्टर म्हणाले.

"चांगली माणसं काय, पुष्कळ मिळतात."

भाजी आतून गार होती. मी तशीच खाल्ली.

ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो आमचा बचावपटू, सेंटर बॅक, माँटेनेग्रोचा. मी अमेरिकेत शॉमबर्ग गावाच्या बाजूला असलेल्या या छोट्या प्रोफेशनल क्लबात व्हिडिओ आणि डेटाचं काम बघते. फुटबॉल क्लब म्हटलं की इथले लोक हेल्मेटवाला खेळ समजतात, म्हणून सॉकर म्हणावं लागतं. आईला तर अजूनही पटलेलं नाही. "इंजिनिअर होऊन तू लोकांच्या लाथा मोजतेस? पी.टी.च्या तासाला बरोबर पोट दुखायचं तुझं," असं ती फोनवर म्हणते, आणि ते खरंच आहे.

पहिल्या आठवड्यात हेड कोचना मी सवयीने 'सर' म्हणाले होते. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. इथे कोणी कोणाला सर म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हा आमचा सेंटर बॅक माझ्या दारात उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "गुड मॉर्निंग, सर." तेव्हापासून मी सर झाले. अजूनही आहे. माझं नाव नीट उच्चारता येत नाही तोवर घेणार नाही, असं त्याने मला सांगितलं होतं. ते नीट उच्चारायला शिकला, तरी सर म्हणणं काही सोडलं नाही.

मॅच शूट करायला मला मैदानाच्या कडेच्या उंच मचाणावर चढावं लागतं. मार्चमधला इथला वारा कान कापून नेतो. एकदा वॉर्म-अप अर्धवट सोडून तो मचाणाखाली येऊन ओरडला, "सर! टोपी कुठे आहे? कानाला वारा लागला की माणूस मरतो!" त्यांच्या देशात म्हणे वाऱ्याच्या झोताने काहीही होतं, पाठदुखीपासून न्यूमोनियापर्यंत. अमेरिकन खेळाडू हसायला लागले. मी निमूटपणे टोपी घातली. आमच्याकडेही हेच म्हणतात, हे मी त्याला पुढे कधीतरी सांगितलं, तर त्याला इतका आनंद झाला की त्याने ते सगळ्या ड्रेसिंग रूमला ऐकवलं. माझ्या खोलीतली खिडकी तो आजही आल्या आल्या बंद करतो.

ट्रेनिंगनंतर तो माझ्याकडे यायचा. लांब दांड्याच्या भांड्यात स्वतः उकळलेली कडक कॉफी घेऊन यायचा, माझ्यासाठी दुप्पट साखर घालून. त्याचं करिअर मला त्या कॉफीबरोबर तुकड्या-तुकड्यांत कळलं. डोंगरातल्या गावात उतारावरचं मैदान होतं. तिथे बॉल गेला की खाली ओढ्यापर्यंत धावावं लागायचं. "म्हणून मी डिफेंडर झालो. बॉल जाऊच द्यायचा नाही. आम्ही माँटेनेग्रोची माणसं जगातली सगळ्यात आळशी, विचार कोणालाही." मग राजधानीतला क्लब, मग सर्बिया, हंगेरी. एक हिवाळा कझाकस्तानात, जिथे त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. देशाच्या टीममध्ये एकदाच निवड झाली आणि पूर्ण मॅच बाकावर बसून संपली. ते सांगताना तो म्हणाला, "पण सीट चांगली होती. सगळं दिसत होतं."

मी इंग्रजी माध्यमातली. शाळेत मराठीत बोललं की ओरडा बसायचा आणि इंग्रजीत चुकलं की वर्ग हसायचा, तेव्हा गप्प बसणंच सोपं पडायचं. ती सवय माझ्याबरोबर अमेरिकेत आली. त्याने मला कधी 'बोल ना' म्हटलं नाही. त्याने मला बघायला शिकवलं. मचाणावरून घेतलेलं, पूर्ण मैदान दिसणारं फुटेज लावायला सांगायचा आणि स्क्रीनवरच्या बॉलवर अंगठा ठेवायचा. "आता बघ. बॉल सगळेच बघतात."

मग मला दिसायला लागलं. समोरचा खेळाडू मान वर करायच्या आत हा दोन पावलं डावीकडे सरकलेला असायचा. पास द्यायची वाट बंद. समोरचा वैतागून बॉल मागे द्यायचा. झालं काहीच नाही, त्यामुळे नोंदही काहीच नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅकलसाठी, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढून घेतला तर त्यासाठी, बटण आहे, डोक्याने मारलेल्या हेडरसाठी आहे, न घडलेल्या गोष्टीसाठी नाही. आणि क्लिप आपोआप कापली जाते ती बॉल खेळाडूजवळ आल्यापासून. सगळीकडे तशीच कापतात. म्हणजे त्याच्या क्लिप सुरू व्हायच्या तेव्हा त्याचं काम झालेलं असायचं, आणि तो नुसता उभा दिसायचा.

त्याला अजून एकच वर्ष हवं होतं. बायकोने इथे कॉलेजमध्ये नुकतीच ॲडमिशन घेतली होती, मुलीला शाळेत पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती, आणि त्या वर्षात कोचिंगचं लायसन्स झालं तर क्लबात पुढेही जागा होती. क्लबने सोडलं तर व्हिसाही जाणार. मीही व्हिसावरच आहे, त्यामुळे एक वर्ष म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बुधवारी तो कॉफी घेऊन आला, पण बसला नाही. "उद्या मीटिंग आहे ना," एवढंच म्हणाला. मी मान हलवली. त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही.

गुरुवारी मी नेहमीसारखी टेबलाच्या टोकाला, लॅपटॉपपाशी बसले. या मीटिंगमध्ये माझं काम क्लिप लावणं आणि थांबवणं. तोपर्यंत मी तिथे 'नेक्स्ट?' याच्यापलीकडे काही बोलले नव्हते आणि कोणी विचारलंही नव्हतं.

त्याची पहिली क्लिप लावली. बॉल आला, तो उभा होता, बॉल परत गेला. दुसरीही तशीच. तिसऱ्या क्लिपला असिस्टंट कोचनी हात पसरले. "बघा. मी म्हटलं ते हेच."

हेड कोचनी पेनाचं टोपण लावलं. डायरेक्टरनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पुढचा खेळाडू लाव."

माझं बोट बटणावर होतं. पूर्ण मैदानाचं फुटेज दुसऱ्या विंडोमध्ये उघडंच होतं, सकाळी मीच उघडून ठेवलं होतं. मला कझाकस्तानातला तो हिवाळा आठवला, जिथे त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. त्याच्याविषयी बोलू शकेल असं या खोलीतही दुसरं कोणी नव्हतं.

मी बोट उचललं.

"नाही," मी म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले. "नाही, थांबा. क्लिप उशिरा सुरू होतेय. बॉल पोचतो तोवर त्याचं काम झालेलं असतं. मी थोडं आधीपासून लावते. तुम्ही फक्त त्याच्याकडे बघा, मी सांगते तो काय करतो ते."