दुसऱ्या भागात पाणी थांबत नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धवट. उदगीरकडच्या गावातून हैदराबादला आलो तेव्हा धड वाचताही येत नव्हतं. पण बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून मी पस्तीस वर्षं भांड्यांवर नावं कोरली. मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून द्यायचं, मी अक्षराचा आकार बघायचा आणि मशीनची सुई स्टीलवरून चालवायची. काय लिहिलंय ते पुष्कळदा मला कळायचं नाही, पण चूक दाखवा म्हटलं तर कुणी दाखवली नाही. अक्षरं मी अशी भांड्यांवरून शिकलो. आणि सगळ्यांत आधी शिकलो ती स्वतःची सही. शेवटच्या अक्षरातून एक लांब रेघ खाली, ती वळवून परत वर, आणि टिंब. बँकेतला माणूससुद्धा घटकाभर बघत राहायचा.

हे सांगतो, कारण पुढचं सगळं त्या सहीपायी झालं.

माझ्या बायकोला सही येत नाही. ती अंगठा लावते. रेशनचा कागद असो की पोराच्या शाळेचा, तिनं निळा अंगठा उठवला की मी म्हणायचो, "आल्या आमच्या अंगठाबहाद्दर." पोरांसमोर, पाहुण्यांसमोर. ती लुगड्याला अंगठा पुसायची आणि म्हणायची, "पुसला की गेला. तुमची सही काय भाकरी भाजते?" पन्नास वर्षं हा आमचा विनोद होता. खरं म्हणजे माझा होता.

मागच्या वर्षी मला लकवा मारला. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला, उजवा हात मात्र लुळाच राहिला. आम्ही तारनाक्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सून शाळेत शिकवते. हाताचा व्यायाम घ्यायला एक बाई यायची, तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. मी तो बाल्कनीतून खाली फेकला. त्याच दुपारी नातीनं तिच्या व्हिडिओ गेमचा रिमोट माझ्या मांडीवर आणून ठेवला. नात कॉलेजात आहे. मराठी बोलते, वाचत नाही.

"अप्पा, हे खेळा. हात हलेल."

"मी काय बारकं पोर आहे?"

"नक्को तर नक्को. खालून चेंडू घेऊन येऊ?"

रिमोटवर दोन बारक्या दांड्या असतात, त्या दोन्ही अंगठ्यांनी फिरवायच्या. "पूरा खेळ अंगठ्यांचाच आहे अप्पा," ती म्हणाली. मला तो शब्द आवडला नाही. पण खेळलो.

पहिला भाग संपवायला मला दोन महिने लागले. बुडत चाललेलं एक शहर. त्यात एक गडी, त्याच्या हातात दोर आणि आकडा. मागे त्याची बहीण. त्यानं भिंती चढायच्या, शिपायांना मारायचं, आणि शहराचे दरवाजे एकेक करून उघडायचे. मजा आली, नाही म्हणणार नाही. पण मी जन्मभर हाताचं काम केलेला माणूस, मला खोट दिसते. प्रत्येक घरात तीच घागर, तिच्या काठाला तोच टवका. सगळ्या शिपायांचं तोंड एक. गडी पडला, मेला, की परत त्याच दगडावर उभा, कपडे कोरडे. बहीण नुसती मागे चालायची आणि सारखं "सांभाळून, सांभाळून" म्हणायची. वाटेत धरण फुटत होतं, सगळे ओरडत होते, पण तुम्ही जेवून या, झोपून या, चार दिवसांनी या, धरण फुटायचं थांबलेलं. नातीला म्हटलं, "हे कसलं पाणी? हे तर माझ्या सवडीनं वाढतं."

ती हसली. "दुसरा पार्ट बघा. त्यात सगळं दुरुस्त केलंय."

दुसरा भाग तिनं आणला तो खरोखर दुसऱ्याच हातचा वाटला. माणसं तीच, शहर तेच, पण आता वजन होतं. गडी भिंतीला लटकला की त्याचा दंड थरथरायचा, जास्त वेळ लोंबकळलं तर बोटं सुटायची. पडला आणि पाय मुरगळला तर दोन दोन दिवस लंगडायचा. शिपाई जेवायला बसायचे, एकमेकांना शिव्या द्यायचे, एखादा पळून जायचा. बहिणीला आता अक्कल होती. एका दरवाजापाशी तिनं सरळ सांगितलं, मी येत नाही, तुझं चुकतंय. आणि नाहीच आली. घागरी प्रत्येक घरात वेगळ्या. एकीला पोचा होता आणि तो पोचा ठोकून काढल्याची खूणसुद्धा होती. हे ज्यानं केलं त्यानं भांडं हातात घेतलेलं आहे, हे मी शपथेवर सांगतो.

आणि पाणी थांबत नव्हतं. तुम्ही या, नका येऊ, ते चढत राहायचं. हा सगळ्यांत मोठा फरक.

हा भाग सुरू करून आठवडा झाला असेल, तेव्हा बायकोच्या पायाला जखम झाली. तिला शुगर आहे. बाथरूमच्या फरशीला ठेचाळली, कुणाला सांगितलं नाही, हळद लावून बसली. सुनेच्या लक्षात आलं तेव्हा बोट काळं पडलं होतं. मुलगा कंपनीच्या कामाला परदेशी गेला होता. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता, त्यानं पाय बघितला आणि मला म्हणाला, "दादाजी, अंगूठा निकालना पडेगा."

मी ताठ झालो. म्हटलं, "अंगूठा नहीं. मैं सही करता."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. बायको त्या टेबलावर पडल्या पडल्या खळखळून हसली.

"अहो, माझा! पायाचा."

सूनही तोंड फिरवून हसली. मला राग आला. राग आला की माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही. डॉक्टरनं कागद पुढे केला, घरच्या कुणाची तरी सही पाहिजे म्हणाला. मी उजव्या हातात पेन धरलं. ते पडलं. नर्सनं उचलून दिलं, परत पडलं. तिनं शाईचा पॅड काढला आणि सहज माझा हात धरला. मी हात हिसकावून घेतला.

"मी करते ना सही, अप्पा," सून म्हणाली.

"मी मेलोय का?"

"मग मी लावते की अंगठा," बायको म्हणाली. "पाय माझाच आहे."

"माझ्या घरातून असल्या कागदावर अंगठा जाणार नाही. मी घरी वाचतो, हात जरा सुधारू दे, सही करूनच आणतो."

डॉक्टर सुनेला म्हणाला, दोन दिवस. त्याच्यापुढे थांबू नका. ती माझ्याकडे बघत होती. मुलाचा फोन आला, तो ओरडला, मीही ओरडलो. शेवटी बायकोच म्हणाली, "राहू द्या. ते म्हणतात तर दोन दिवस राहू द्या." तिनं माझी बाजू घेतली. नेहमीच घ्यायची.

दोन दिवसांचे चार झाले, ते असे. सकाळी मी वहीवर सही घासायचो. दहा मिनिटं. रेघ खाली यायची ती वळायचीच नाही, किड्यासारखी सरपटायची. मग मी रिमोट घ्यायचो. घरात सांगितलं होतं की यानं बोटं मोकळी होतात, मग सही जमेल. सून चिडून शाळेत जायची, नात कॉलेजला. घरात आम्ही दोघं. ती आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये. पहिल्या दिवशी मी खरंच हातासाठी खेळलो. दुसऱ्या दिवसापासून मी खेळासाठी खेळलो. हे मी कुणाला बोललो नाही. लकवा मारल्यापासून तीच एक जागा होती जिथं मी चढत होतो, उड्या मारत होतो, आणि मला कुणी हाताला धरून उठवत नव्हतं.

आणि एक सांगतो, सुधारला तो अंगठा. बोटं लाकडासारखीच राहिली, पेन धरायला लागतात ती. अंगठा मात्र दांडी गरागरा फिरवायला लागला.

तिसऱ्या दिवशी खेळात एक पूल गेला. पलीकडे वस्ती होती, मी अलीकडे घरं बघत, भांडी न्याहाळत बसलो, आणि पाण्यानं पूल नेला. संध्याकाळी नात आली तेव्हा म्हटलं, "मागं घे. कालच्या जागी ने."

"यात मागं जाता येत नाही अप्पा. ती वस्ती गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. म्हणून तर हा पहिल्यापेक्षा भारी आहे."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. मी खेळ बनवणाऱ्याला शिव्या दिल्या आणि दुसरी वाट शोधायला लागलो.

चौथ्या दिवशी दुपारी सून शाळेतून आली आणि आतून ओरडली. बायकोचं अंग भट्टीसारखं तापलं होतं, ती माझ्या मेलेल्या सासूशी बोलत होती. पायाला वास सुटला होता. शेजारच्या तेलुगू बाईंनी गाडी काढली. दवाखान्यात त्याच डॉक्टरनं पट्टी सोडली. सुनेला म्हणाला, आता अंगठ्यानं भागणार नाही. त्यानं स्वतःच्या पायावर, गुडघ्याखाली चार बोटं, आडवा हात ठेवून दाखवला.

कागद नवा होता. नर्सनं हात धरायच्या आधीच मी अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. ठसा इतका स्वच्छ उठला, एकेक रेघ मोजून घ्यावी. नर्स म्हणाली, "बहोत अच्छा आया."

ऑपरेशन झालं. ती वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली. मुलगा येऊन गेला, माझ्याशी कामापुरतं बोलला. नातीनं रिमोट उचलून तिच्या कपाटात ठेवला, मी मागितला नाही.

आता तिची वेणी मी घालतो. डाव्या हातानं फणी धरायची, उजव्या अंगठ्यानं केस दाबून धरायचे. ती खिडकीकडे तोंड करून बसते. एक दिवस अशीच बसलेली असताना म्हणाली, "मला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी तुम्हाला हाक मारली होती. पाणी पाहिजे होतं. दोनदा मारली."

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "टीव्हीचा आवाज होता."

"हं," म्हणाली.

मी वेणी पुरी केली. रबर लावलं. ते दोनदा निसटलं. मग मला तिथं उभं राहवेना. पन्नास वर्षांत मी या बाईपुढे कधी माघार घेतली नव्हती, चुकलो असलो तरी.

"एकदा आली होती ऐकू," मी म्हटलं.

तिनं मान वळवली नाही. "पहिली की दुसरी?"

"दुसरी."

"मग?"

मला वाटलं ती रडेल, नाहीतर बोलेल चार शब्द. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत बसली. खाली भाजीवाला ओरडत होता, सुनेनं कुकरखालचा गॅस बंद केला, तरी ती बसूनच होती.

अजून विचारते. रोज नाही. मध्येच कधीतरी, मी तिला आधार देऊन खुर्चीत बसवत असतो, तिचं वजन माझ्या एका हातावर असतं, आणि ती माझ्या कानापाशी म्हणते, "मग?"