बारीक नळीच्या बाजाची वाटी

मेहकरात आमच्या बँडमंदी मी पह्यले गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालो. इंग्रजाचं राज होतं तवा. मास्तरनं नागपूरहून पलटणीतला एक जुना ट्रम्बोन आणला. पुढं-मांगं सरकणाऱ्या दांडीचा बाजा, नळी बारीक. वाजवाले कोनी भेटेना, म्हून माह्या गळ्यात टाकला. मले लिहाले-वाचाले येत नाही, पण गाल मोठे हायेत. मास्तरनं तेच पाह्यले असतीन.

बत्तीवाले मांडवाच्या मांगं बसून उरलंसुरलं खात. वाजवणारे सारे एका पंक्तीत बसत, एकमेकाच्या पानात वाढत, शिव्या देत, हासत. मले ती पंक्त पाह्यजे होती. घरी चूल मीच पेटवो अन् मीच इझवो. माय मेलेली, लग्न झालेलं नाही. पोरीचे बाप येत, मले पाह्यत, मंग छपराकडं पाह्यत, मंग उठत.

ट्रम्बोनले ओठाशी लावायची पितळी वाटी असते, ती अलग निघते. मास्तरनं तीन देल्या. लहान, मधली, मोठी.

"यातली एक धर. तुळशीचं लग्न झालं का वराती सुरू होतात. आवाज लांब गेला पाह्यजे. नाई गेला तं तू आन् तुही बत्ती."

"कोन्ती धरू, मास्तर?"

"ते फुंकणाऱ्याले समजत नाही बे. घरच्या कोनाले लांब उभं कर. तो सांगीन."

ढोलवाल्याची बायको त्याले इहिरीवरून वरडून सांगे का ढोल ढिल्ला हाये. मी कोनाले उभं करू? घरात एक मांजर होतं, तेबी शेजाऱ्याचं.

म्हून गेलो जानेफळच्या वाटेनं. ज्वारी भरात होती. एका वावरात चार खांबाच्या उंच माळ्यावर गोफण घेऊन म्हातारा उभा, पाखरं राखून राह्यला होता. मी खालून त्याले सारं समजावलं. "बाबा, मी नाल्यापलीकडून तीनदा वाजवतो. गोड वाटलं तं हात वर करा, नाई वाटलं तं खाली बसा."

"हाव," म्हातारा म्हणे.

लहान वाटी लावून फुंकलं. म्हातारा खाली बसला. मधली लावली. उठून उभा राह्यला. मोठी लावली तं काय सांगू! म्हातारा हात वर करून गोफण गरगर फिरवे, माळ्यावर नाचे. माह्ये डोळे भरून आले. आजवर माह्यासाठी कोनी येवढे हात हालवले नव्हते.

मोठी वाटी घेऊन तालमीले गेलो. हवा त्या वाटीत कुठं जाये, मलेच समजेना. गोठ्यातल्या हेल्यानं उसासा टाकावा तसा आवाज निघे. चार चाली झाल्या अन् ओठ वड्यावानी फुगले.

"हे निवडलं काय बे?" मास्तर म्हणे. "उद्या एकडाव वाजव. मंग बत्ती उचल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वावरात गेलो भांडाले. म्हातारा माळ्यावरून माह्याकडं पाहून हासे. मी जे म्हनो त्याले "हाव" म्हणे. खाली त्याची सून भाकर घेऊन आलती.

"काऊन वरडता, भाऊ?" सून म्हणे. "मामंजीले ऐकू येत नाही. धा वर्स झाले. ते साऱ्यांलेच हाव म्हनतात."

"मंग काल हात काऊन हालवला?"

"मी काल बांधावरच होती. पाखरं बसले होते कनसावर. तुम्ही मोठ्यानं भों भों केलं, एकबी हाललं नाही. गोफण फिरवा लागली बिचाऱ्याले. पह्यल्या खेपेले सारे उडून गेले होते, तवा बसले ते घडीभर पाणी प्यायले."

मी थैलीतून लहान वाटी काढली, बाजाले लावली अन् तिथंच फुंकलं. पूरा थवा उठला. आवाज नाल्यापलीकडं जाऊन वापस आला. म्हातारा माळ्यावर बसला अन् तमाखू मळाले लागला. मी आलतो हेबी तो इसरला असीन.

सांजच्याले मास्तरपुढं तीच वाटी लावून वाजवलं. मास्तरनं आंगण वलांडून, गल्ली वलांडून, पार वेशीपावतर जाऊन ऐकलं. वापस आला अन् म्हणे, "बस पंक्तीत."

तालमीचं जेवण होतं, आंगणात पानं मांडले होते. मी बसलो. ढोलवाल्यानं माह्या पानात भाजी वाढली.

"कोनाले उभं केलं होतं बे?" तो पुसे.

"पाखराईले," मी म्हनलं.

सारे हासले. क्लारनेटवाल्याले तं ठसका लागला, पाणी द्या लागलं. मी खरंच सांगत होतो. पण तेही हासत होते म्हून मीबी हासलो, अन् भाकर मोडली.