सुतळीच्या सतरा गाठी

अकोल्याच्या जिनिंगमध्ये माझी आई कापसाच्या टोपल्या वाहायची. मजुरी टोपलीवर. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून दर टोपलीमागे ती कमरेच्या सुतळीला एक गाठ मारी. आम्ही बौद्ध झालो त्यानंतरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सुतळीवर सतरा गाठी होत्या आणि मुकादमाच्या वहीत बारा टोपल्या.

"वहीपेक्षा तुही सुतळी जास्त शिकेल हाय काय वं?" म्हणत त्यानं ती सुतळी तिच्या दोन बोटांना गुंडाळली आणि हाड वाजेपर्यंत पिळली. आईनं दुसऱ्या हातानं तराजूतलं पाच शेराचं वजन उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात पडले. ते मात्र सगळ्यांनी सारखेच मोजले.

मजुरी बाराचीच मिळाली आणि काम गेलं. बोटं वाकडीच जुळली. "ज्याच्या हाती वही, त्याचंच खरं," ती म्हणाली, "तू वहीच शिक."

म्हणून काही वर्षांनी मी अमरावतीला कॉमर्सच्या वर्गात बसलो. तिथले सर भर उन्हाळ्यात टाय बांधत आणि हिशेबशास्त्र इटलीत जन्मलं हे स्वतः बाळंतपणाला हजर असल्यासारखं सांगत. दुसरे एक सर ते आपल्याच पूर्वजांच्या पोथ्यांत शोधत. दोघांत विस्तव जात नसे; फक्त अडाण्यांच्या गाठी म्हणजे पोरखेळ, हिशेब नव्हे, यावर त्यांचं एकमत होतं.

मी उभा राहून आईच्या सतरा गाठी सांगितल्या. मग विचारलं, "सर, वही खोटी आणि गाठी खऱ्या असतील, तर हिशेब कशाला म्हणायचं?"

टायवाल्या सरांनी लाकडी डस्टर फेकून मारलं. माझी भुवई फाटली, वहीचं पान लाल झालं. ऑफिसातून निरोप आला: पालकाच्या सहीनिशी लेखी माफी, नाहीतर नाव कमी.

घरी आईनं जखम पाहिली. "कोनं फोडलं रे?"

"सरनं. गाठींचं बोललो म्हणून. वरून माफी बी लिहून मांगतेत."

"त्याचे दात हायेत न जागेवर?"

"हाव."

"मंग माफी तू कायची मांगतं?"

मी कागदावर लिहिलं: गाठी मारणे हा हिशेब नव्हे, हे मला मान्य आहे.

"काय लिवलं?"

"तुह्या सतरा टोपल्या."

आईनं वाकड्या बोटांच्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि नेटानं कागदावर दाबला.