टेस्टचा नंबर

शिरूरमध्ये खतं-औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. चार टेबलं, सहा माणसं आणि जिन्यातून वर येणारा फवारणीच्या औषधांचा वास. आम्ही बिबट्या ओळखणारी पेटी बनवत होतो. ती उसाच्या बांधावर खांबाला लावायची. तिच्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की आसपासच्या घरांना आपोआप फोन जायचा. "सावधान. तुमच्या शिवारात बिबट्या दिसला आहे. लेकरांना घरात घ्या, दार लावून घ्या. समजलं असेल तर एक दाबा."

तो आवाज माझा. मी दौंडची. पुण्याच्या मुलींचा आवाज बँकेतून आल्यासारखा वाटतो, तुझा कसा घरच्या बाईचा वाटतो, असं आमचा मालक म्हणाला. मालक म्हटलेलं त्याला खपायचं नाही, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणायचो. खालच्या टेम्पोचा आवाज येऊ नये म्हणून मी डोक्यावरून चादर घेऊन ते रेकॉर्डिंग केलं होतं, आणि सगळे मला हसले होते.

सकाळचा चहा झाला की टेस्ट, असा आमचा रिवाजच पडला होता. टेबलावर एक साधा बटणांचा फोन असायचा. ज्यानं नवं काम केलं असेल त्यानं कॉम्प्युटरवर बटण दाबायचं, फोन वाजायचा, कुणीतरी तो उचलून एक दाबायचं आणि "वाचलो!" म्हणून ओरडायचं. पुढं तो फोन बिघडला आणि ड्रॉवरमध्ये गेला, पण टेस्टचा नंबर तोच राहिला हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. स्क्रीनवर 'उचलला नाही' अशी लाल ओळ यायला लागली. कोड सुधारायचं काम माझ्याकडे आलं. मी बरेच दिवस झटापट केली आणि एका सकाळी ओळ हिरवी झाली. 'कॉल उचलला. एक दाबला.' त्या दिवशी दादानं सगळ्यांना भेळ खिलवली. माझी कॉलर एकदम टाइट.

त्यानंतर दोन महिने आम्ही नुसती हिरवी ओळ बघत होतो. दिवसातून दोनदा, कधी चारदा. कुणी पाहुणा आला की त्याला दाखवायला आणखी एकदा.

मग एक दिवस चार्जर शोधताना तो फोन माझ्या हाती लागला. बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलं होतं. सिमला वर्षभर कुणी रिचार्ज मारला नव्हता. तो फोन हातात धरून मी स्क्रीनकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. 'कॉल उचलला. एक दाबला.' भर दिवसा, सहा माणसांत बसून माझ्या अंगावर काटा आला.

झालं होतं ते साधंच. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनीनं दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकला होता. पण हे डोक्यात शिरायच्या आधी मी हेडफोन लावून त्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. आमची यंत्रणा प्रत्येक कॉलमधला पलीकडचा आवाज साठवून ठेवायची आणि आम्ही तो कधी ऐकलाच नव्हता. आधी वारा आणि कोंबड्या. मग एका बाईचा दबका आवाज, "आबा, आत चला. बाई बोलली." काठीची टकटक. दार ओढल्याचा आवाज. नंतर बटणाचा बीप, आणि बीपनंतर कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखी शांतता. मी आदल्या दिवसाचं ऐकलं, त्याच्या आदल्या दिवसाचंही ऐकलं. शब्द थोडेफार वेगळे, शांतता तीच.

मी माझ्या मोबाइलवरून त्या नंबरला फोन लावला. "हॅलो, मी शिरूरवरून बोलतेय," एवढंच म्हटलं. पलीकडून बीप आला. तिनं एक दाबलं होतं. फोन बंद.

शेवटी आमच्यातला गावोगाव फिरून पेट्या विकणारा मुलगा त्या बाईशी फोनवर बोलला आणि त्यानं ठिकाण काढलं. केंदूरच्या पुढं, उसाच्या मधोमध एकच घर. त्या शिवारात आमची एकही पेटी नव्हती.

दादा म्हणाला, "नंबर काढून टाक आन् गप बस. खोटं होतं म्हणून सांगितलंस, तर उद्या खऱ्या फोनलाबी कुणी दार लावणार न्हाई." माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंबर काढला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी निघाले. रोज घराचं दार लावून बसणाऱ्या त्या माणसांची माफी मागायची, एवढंच माझ्या मनात होतं.

शिक्रापूरपर्यंत एसटी, पुढं सीटा भरल्या की सुटणारी वडापची जीप. जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं आणि बोट दाखवलं. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस आणि मधून पायवाट. वारा नव्हता, तरी आत कुठंतरी पाचट वाजत होतं. मी थांबले की तेही थांबायचं. उंदीर असतील, असं मी स्वतःला समजावत होते. वर्षभर पेटीतले फोटो बघून बिबट्यावर मोठमोठ्या गप्पा हाणणारी मी, घामानं भिजले होते.

घर पत्र्याचं, अंगण सारवलेलं. बाहेर बाजेवर घोंगडी पांघरून म्हातारे आबा बसले होते. "कोण पायजे?" त्यांनी विचारलं. "मी शिरूरच्या ऑफिसातून आलेय," असं मी म्हणताच घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. त्यांची सून दारात आली, माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. तिनं आधी माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या मागं उसाकडे पाहिलं.

"तुम्हीच का त्या बाई?"

मी सगळं सांगितलं. फोन टेस्टचे होते. इथं पेटी नाही. आम्हाला कधी काही दिसलंच नव्हतं. ती संतापेल, शिव्या देईल, म्हणून मी अंग चोरून उभी होते. तिनं मला पाणी आणून दिलं. तिला ते पटलेलं दिसत नव्हतं.

"आवं, पण लई सोय झाली हो तुमची," ती म्हणाली. "आदी दिसभर जीव टांगणीला असायचा. आता कसं, फोन आला का तासभर आत बसायचं. मग दिस आपला."

आबा म्हणाले, "मेंढरं हुती तवा कुत्री सांगायची. आता कुत्री न्हाईत, तुमचा फोन हाय. पार गवताला एकटा जातो मी उसात."

"आन् शनवार-रयवार तर बिबट्या येतच न्हाई," सून हसून म्हणाली. "आमच्या ध्यानात आलंय त्ये."

शनिवार-रविवार आमच्या ऑफिसला सुट्टी असते. दार लावायला लावल्याचं मला वाईट वाटत होतं. पण ती माणसं दोन महिने दार उघडं टाकून हिंडत होती, ते माझ्या भरवशावर.

कोपऱ्यात एक छोटी सायकल होती. मी विचारलं, "मुलं?"

"एकच पोरगी. दुसरीला हाय. आता सुटंल शाळा. आदी आणाय जायची मी, आता येती तिची तिची. आज तर फोन बी न्हाई आला, म्हंजी वाट मोकळी."

पाच वाजत आले होते. मी ग्लास तिथंच टाकला आणि तिचा हात धरून ओढला. "चला. आत्ता चला. वाट मोकळी आहे हे कुणालाच माहीत नाही." माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण मघाशी जे तिला पटलं नव्हतं ते आता पटलं. ती अनवाणीच धावली.

अर्ध्या वाटेवर पोरगी दिसली. दप्तर डोक्याला अडकवून, उसाचं पान ओढत, आपल्याच नादात येत होती. मी जीव खाऊन हाक मारली, "इकडं ये! पळ!" माझा आवाज ऐकला आणि ती खिळल्यासारखी उभी राहिली. मग खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आईनं धावत जाऊन तिला उचललं. मी त्यांच्यापाशी पोचले तेव्हा मला रडू येत होतं.

जिथं पोरगी बसली होती त्याच्या थोडं अलीकडं पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं. त्या चिखलात तिच्या चपलांचे सकाळचे ठसे होते, शाळेकडे जाणारे. त्यांच्यावर, त्याच दिशेनं, दुसरे ठसे उमटले होते. मोठे, गोल. मला त्यातलं कळत नाही, कुत्र्याचेही असतील. पोरीच्या आईला कळत होतं. तिनं पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि अनवाणी पायानं एकेक ठसा पुसत गेली.

शेवटचा पुसून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग आजच का न्हाई केला फोन?"