त्यानं गायला सुरुवात केली तेव्हा

रॅप ऐकायला मला शिकवलं ते कॉलेजातल्या एका मित्रानं. तो रोज चौमूंहून बसनं जयपूरला यायचा आणि त्या तासाभरात गाणी पाठ करायचा. एकदा कॅन्टीनमध्ये त्यानं इअरफोनची एक बाजू माझ्या हातात दिली.

"फक्त शब्द ऐक," तो म्हणाला. "चाल शोधू नकोस. चाल नाहीच."

गाणं जयपूरच्याच एका मुलाचं होतं, आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. साधा ठेका आणि त्यावर शब्दांचा मारा. टँकरची वाट बघणारी गल्ली, कोचिंग क्लासचे फलक, भाड्याच्या खोलीतला उन्हाळा. ओळीच्या शेवटी यमक, आणि ओळीच्या पोटात आणखी दोन. पहिल्या ऐकण्यात मला निम्मंही कळलं नाही, म्हणून मी ते वहीत उतरवून काढलं. पुढे प्रत्येक गाणं उतरवायची सवयच लागली. यमकांखाली वेगवेगळ्या रंगाच्या पेननं रेघा मारायचे.

आम्ही आदर्श नगरात राहायचो. बाबा विमा कंपनीत अधिकारी. साताऱ्याहून बदली होऊन आले आणि इथेच रमले. माझ्या मराठीत 'मतलब' आला की आई टोकायची. ती वही बघून ती म्हणाली, "मराठी शुद्धलेखनाच्या चार ओळी लिहायला रडायचीस तू. हे बरं पानंच्या पानं लिहितेस."

मी आणि माझा मित्र, आम्ही त्या रॅपरच्या चाहत्यांचं एक पेज सुरू केलं. तो व्हिडिओ टाकायचा, मी गाण्यांचे अर्थ लिहायचे. लोक जमत गेले. दर रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जण एका बागेत भेटायचो आणि आळीपाळीनं त्याची कडवी म्हणायचो. मुलगी मी एकटीच. पण सगळ्यात जास्त पाठ माझं होतं, त्यामुळे माझ्या शब्दाला तिथे वजन होतं. घरी, कॉलेजात, पुढे नोकरीतही मला तसं वजन कुठे मिळालं नाही.

मग तो रॅपर मुंबईला गेला, एका मोठ्या कंपनीनं त्याला घेतलं, आणि वर्षभरानं त्याचं नवं गाणं आलं. त्यात तो चक्क गात होता. आवाज यंत्रातून काढल्यासारखा गुळगुळीत, खाली छातीत घुमणारा बेस, वर घड्याळासारखी टिकटिक. शब्द मोजके आणि तेही अर्धवट गिळलेले. विषय प्रेमभंग. आम्ही बागेत फोन मधे ठेवून ते ऐकलं. संपल्यावर मित्र म्हणाला, "विकला गेला."

आठवडाभरात ते गाणं रिक्षात, लग्नात, सी-स्कीम भागातल्या कपड्यांच्या दुकानांत, सगळीकडे वाजायला लागलं. एके सकाळी आई कणीक मळता मळता तेच गुणगुणताना मी ऐकलं.

"आई, ते नको ना म्हणूस!"

"का? छान आहे की. तुझं ते आधीचं म्हणताच यायचं नाही."

"म्हणूनच ते चांगलं होतं. हे सगळ्यांसाठी केलंय."

तिनं हात थांबवले. "म्हणजे मी ऐकलं की गाणं बिघडलं का गं?"

मी चिडून खोलीत गेले आणि त्याच तिरमिरीत पेजवर एक लांबलचक पोस्ट लिहिली. त्याच्या जुन्या ओळी आणि नव्या ओळी शेजारी शेजारी मांडल्या. कुठे कष्ट दिसतात, कुठे दिसत नाहीत, ते दाखवलं. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण शेवटी टाळीचं वाक्य हवं होतं, आणि शब्द आपल्याला आईनं शिकवले असं तो एका जुन्या गाण्यात म्हणाला होता, म्हणून लिहिलं : ज्या आईनं तुला एवढे शब्द शिकवले, तिला तरी हे गाणं ऐकवायची हिंमत आहे का तुझ्यात?

पोस्ट पसरली. खाली प्रतिक्रिया येत गेल्या. सुरुवातीच्या प्रतिक्रिया गाण्याबद्दल होत्या, नंतरच्या त्याच्या आईबद्दल. मी वाचत होते. काही इतक्या घाण होत्या की मी पटकन पुढे सरकायचे. काढून टाकणं माझ्या हातात होतं. काढल्या नाहीत. पोस्ट एवढी चालतेय याचाच आनंद मोठा होता.

दोनेक महिन्यांनी त्याचा जयपुरात कार्यक्रम ठरला, संध्याकाळचा, एका लॉनवर. आम्ही ठरवलं की नवं गाणं सुरू झालं की सगळ्यांनी मिळून जुन्या गाण्याचं नाव ओरडायचं. त्याप्रमाणे ओरडलो. आमच्या पुढे कॉलेजच्या पोरींचा मोठा घोळका होता, त्या नवं गाणं बेंबीच्या देठापासून म्हणत होत्या. त्यांनी वळून आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही कुणाचे तरी काका-मावशा होतो. आम्ही आणखी जोरात ओरडलो.

त्यानं हात वर करून गाणं थांबवलं. "जुनं हवंय? पूर्ण पाठ कुणाला आहे?"

मित्रानं मला पुढे ढकललं. मी स्टेजवर गेले. ठेका सुरू झाला आणि शब्द आपोआप येत गेले. पहिलं कडवं आम्ही दोघांनी मिळून म्हटलं. दुसऱ्यात तो अडखळला, हसला आणि माइक माझ्याकडे दिला. उरलेलं मी एकटीनं म्हटलं. त्या पोरींनीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजच्या मागे त्याला भेटायला गेले. तो खुर्चीत बसून पाणी पीत होता. मी पेजचं नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा बदलला.

"ती पोस्ट तू लिहिलीस?"

"हो भैया. पण ती गाण्याबद्दल होती..."

"माझी आई इथेच राहते," तो म्हणाला. "तिच्या भाचीनं तिला ती पोस्ट दाखवली. खालचं सगळं तिनं एकटीनं बसून वाचलं. आता ती मला विचारते, 'हे लोक मला कसे ओळखतात?'"

"सॉरी," मी म्हणाले.

"मला नको सांगूस." त्यानं बाटलीचं झाकण लावलं. "आणि गाण्याचं म्हणशील, तर मला तेव्हाही गायचंच होतं. तुमच्यासारखे हसतील म्हणून गायलो नाही."

एवढं बोलून तो उठला. चिडला नव्हता, थकलेला दिसत होता.

घरी येऊन मी प्रतिक्रिया काढायला बसले. शंभरेक काढल्यावर लक्षात आलं की प्रत्येकीचं मूळ माझ्याच शेवटच्या वाक्यात आहे. मग अख्खी पोस्टच काढली. त्याच्या आईसाठी माफीचा निरोप लिहून त्याला पाठवला. त्यानं तो वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. "पोस्ट का काढलीस?"

"खाली शिव्या होत्या."

"मग शिव्या काढायच्या. आपलं म्हणणं खोटं होतं का?"

"नव्हतं. पण त्या बाईंना मीच मधे ओढलं होतं."

"स्टेजवर घेतलं त्यानं, म्हणून विरघळलीस तू," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं का, हे मी नंतर बरेच दिवस स्वतःला विचारत राहिले. रविवारचं बागेत जाणं आधी कमी झालं, मग थांबलंच. पेज तो एकटा चालवत राहिला. आता आम्ही एकमेकांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो.

ते प्रेमभंगाचं गाणं मला अजूनही आवडत नाही. चांगलं आहे असं मी स्वतःला पटवायचा प्रयत्नही केला, पण माझे कान त्याला तयार होत नाहीत. त्या रॅपरनं पुढे आणखी बरंच केलं. मधे इंग्रजी वळणाचं काही केलं, मग राजस्थानी लोकगीतांचे तुकडे घेतले. दर वेळी कुणीतरी दुखावलं जातंच.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात पुण्याहून एक मुलगी नव्यानं रुजू झाली. जेवायच्या सुट्टीत त्याच्या ताज्या गाण्याचा विषय निघाला. ती वैतागून म्हणाली, "काय झालंय याला, काही कळत नाही. पूर्वी किती मनापासून गायचा!" आणि तिनं उदाहरण म्हणून तेच प्रेमभंगाचं गाणं सांगितलं. बारावीच्या वर्षी, वडील आजारी असताना, ती रोज ते ऐकायची म्हणे.

मी डबा बंद करत होते. "त्यातलं कुठलं कडवं तुला आवडतं?" मी विचारलं. तिनं जरा लाजत, टेबलावर बोटांनी ठेका धरून ते हळूच म्हणून दाखवलं. शब्द तिला नीट येत नव्हते.