नुसतं लोटलेलं दार

खुनासाठी चौदा वर्षं अकोल्याच्या तुरुंगात काढून आलेले काका आता अमरावतीच्या आमच्या भाजीबाजाराचे पुढारी आहेत. पूर्वी म्हणे त्यांचा हात तोंडाच्या आधी चालायचा. आता ते भांडणाऱ्यांना जोडीजोडीनं उकिडवं बसवतात आणि तुरुंगातल्यासारखं मोजतात. मोजणी संपेपर्यंत भांडण विसरलेलं असतं.

महापालिकेच्या साहेबांनी आमची बसायची जागा काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा अर्ज मी लिहिला, कारण बाजारातून कॉलेजात जाणारा मी एकटाच. कचेरीचं दार नुसतं लोटलेलं होतं. काका त्याच्यापुढे तासभर उभे राहिले, मागे चाळीस माणसं जोडीनं उकिडवी.

"काका, कडी नाही लावलेली," मी भीतभीत म्हटलं.

"मले दिसून राहिलं ना, बाबू. पण दार आपन बी उघडू शकतो, हे हाताले आठोतच नाही."

शेवटी साहेबच बाहेर आले. चाळीस गप्प माणसं पाहून घाबरले आणि जागा आमच्याकडेच राहू दिली. बाजारभर काकांच्या सत्याग्रहाचा गाजावाजा झाला.

तेव्हापासून काकांबरोबर कुठंही गेलो की मी पुढे होऊन दार ढकलतो. आई वैतागते, "येवढं शिकून त्याचा चपराशीच झाला काय रे?"

मी हो म्हणतो.