ऑपरेशननंतर पहिल्यांदा मोटारसायकलवर: आईला घेऊन केळव्याला

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं सांगितलं, त्या दिवशी मी दवाखान्यातून घरी रिक्षाने आलो. नंतरचे कितीतरी महिनेही सगळीकडे रिक्षानेच फिरलो. मोटारसायकल पडवीत कव्हरखाली होती. येता-जाता तिच्याकडे बघायचं नाही, अशी मी सवयच लावून घेतली होती.

आधी थोडं सांगतो, कारण खांद्याच्या ऑपरेशननंतर गाडी कधी आणि कशी सुरू करावी हे शोधत बरेच जण असे ब्लॉग वाचतात. मीही वाचत होतो. कंपनीत शिडीवरून घसरलो, पडताना उजव्या हाताने कठडा धरला आणि खांद्यातला स्नायू फाटला. ऑपरेशन झालं, हात पट्ट्यात अडकला. त्याला महिना होत नाही तोच बाबा गेले. तिरडीला भावाने आणि चुलतभावांनी आळीपाळीने खांदा दिला. मी पट्ट्यातला हात सांभाळत बाजूने चालत होतो. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

आता या प्रवासाचं कारण. आम्ही विरारजवळ राहतो, आईचं माहेर खाडीपलीकडे, केळव्याचं. दर हिवाळ्यात बाबा तिला मोटारसायकलवरून तिकडे न्यायचे. कारमध्ये तिला मळमळतं, दहा मिनिटांत चेहरा पांढरा पडतो. ट्रेनचं म्हणाल तर स्टेशनचे जिने तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. त्यामुळे लग्नापासून तिचं माहेरी जाणं म्हणजे बाबांच्या मागे बसून जाणं. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे नवरा गेल्यावर वर्ष होईपर्यंत बाई माहेरी राहायला जात नाही. वर्ष झालं की घरच्या माणसाने तिला नेऊन पोचवायचं. बाबांचं वर्ष झालं. मामाचे फोन सुरू झाले. आई प्रत्येक वेळी "बघू" म्हणायची. एकदा मी बाहेरच्या खोलीत असताना ती फोनवर त्याला म्हणाली, "आता नाय जमायचं रे. तूच येत जा इकडे."

आवाज साधाच होता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. मी उठून पडवीत गेलो आणि कव्हर काढलं.

बॅटरी मेली होती. मेकॅनिकने नवी टाकली, ऑइल बदललं, मागच्या टायरचीही तक्रार केली, तोही बदलला. सगळं मिळून पाच हजारांच्या आसपास गेले. गाडी बरेच महिने उभी असेल तर एवढी तयारी ठेवा. आणि एक अनुभवाची गोष्ट: खांद्याला गाडी चालवणं जेवढं जड जात नाही, तेवढं ती डबल स्टँडवर ओढून घेणं जातं. सुरुवातीला साइड स्टँडच वापरा.

मी एकटा दोन-चार दिवस गल्लीत फिरलो. पण प्रश्न एकटं चालवण्याचा नव्हता. आई साडी नेसते, एका बाजूला पाय घेऊन बसते. अशी बसणारी बाई आधाराला उजवा हात चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर ठेवते. माझा तोच खांदा ऑपरेशनचा. ब्रेक मारला की मागच्या माणसाचा भार त्या हातातून पुढे येतो. आणि पुढचा ब्रेकही उजव्याच हाताला.

मी हे बायकोला, मनीषाला, सांगितलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आधी मला बसवून बघा. मी आईंपेक्षा पंधरा किलो तरी जास्त आहे. मी पोचले तर त्या आरामात पोचतील."

तशी आमची चाचणी सहल रविवारी सकाळी जवळच्या पाचूबंदरला झाली. होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता. मनीषाने बोंबील आणि मांदेली घेतली आणि भावावरून एका कोळणीशी चांगला अर्धा तास घातला. जाताना तिने माझी कंबर धरली होती. येताना मी म्हटलं, आता खांद्यावर हात ठेव. तिने ठेवला. वाटेतल्या किल्ल्याजवळच्या गतिरोधकावर ब्रेक मारला तसा खांद्यातून एक कळ गेली, पण हात हँडलवरून सुटला नाही. घरी येईपर्यंत कळ गेलीही.

"पास," मनीषा म्हणाली. "आता बर्फ लावा आणि आईंना सांगा."

आईला सांगितलं. संध्याकाळी तिने बॅग काढून झटकली, त्यावरून ती येणार हे कळलं.

निघायच्या दिवशी सकाळी हेल्मेटचा घोळ झाला. अंबाड्यावर हेल्मेट बसेना. बाबा असताना ती कधी हेल्मेट घालत नसे. मी हेल्मेटशिवाय नेणार नाही म्हटल्यावर तिने अंबाडा सोडून वेणी घातली आणि आरशात बघून म्हणाली, "शाळेत चाललेय वाटतं मी." साडीचं टोक नीट खोचलं, पाय फूटरेस्टवर ठेवला, डावा हात बॅगेवर आणि उजव्या हाताने सीटमागचं कॅरियर घट्ट पकडलं.

"आई, खांदा धर."

"नको. मी धरलंय की हे."

"हात मागे ठेवून अवघडशील."

"तू पुढे बघ."

आमच्या सांडोरच्या केळीच्या बागांमधून निघालो तेव्हा थंडी होती. निर्मळ, मग आगाशी, असा जुना हिरवा रस्ता घेतला. थोडा अरुंद आहे, पण ट्रक नाहीत, वेग आपोआप कमी राहतो. मला तेच हवं होतं. तरी प्रत्येक खड्ड्याला मागे तिचा हात कॅरियरवर आवळला जायचा ते मला कळत होतं. एका वळणावर ती जागेवरून सरकली. मी थांबलो, ती उतरली, पुन्हा नीट बसली. मी परत खांद्याचं काढलं. ती म्हणाली, "तुला दुखलं की तू सांगनार नाहीस. बाबांसारखाच आहेस. म्हनून मी हातच लावत नाही."

मी गाडी सुरू केली.

विरारच्या पश्चिमेला मारंबळपाड्याहून खाडीपलीकडच्या जलसारला गाड्यांसकट माणसं नेणारी रो-रो बोट जाते. हायवेने घाट चढून सफाळ्याला येण्याचा मोठा वळसा त्यामुळे वाचतो. मोटारसायकलसकट तिकीट शंभराच्या आत आहे, मागे बसणाऱ्याचं वेगळं. शनिवार-रविवारी रांग असते, लवकर जा, आणि वेळापत्रक आदल्या दिवशी विचारून घ्या. बोटीवर चढायचा लोखंडी उतार ओहोटीला जास्त तीव्र होतो आणि ओला असतो. मला त्याचीच भीती होती. बोटीवरचा माणूस सगळ्या मागच्यांना खाली उतरवत होता. आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही चालत या. बाईकवर एकच माणूस."

आई उतरली आणि त्याला म्हणाली, "त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. जरा बघ त्याच्याकडे."

मागच्या दहा-बारा बाइकवाल्यांनी ऐकलं. कुणीतरी म्हणालं, "काका, पहिलाच गिअर ठेवा, मध्ये क्लच दाबू नका." मी पहिला गिअर टाकला आणि सरळ खाली गेलो. लाज वाटायला वेळच मिळाला नाही. बोट निघाल्यावर आई कठड्याला उभी राहून खाडी बघत होती. बाबांच्या वेळी ही बोट नव्हती. ते नेहमी घाटाने जायचे, वरई फाट्याला चहा घ्यायचे. आई म्हणाली, इथून पानी छान दिसतं, त्यांना आवडलं असतं. 

जलसारपासून सफाळ्यापर्यंत रस्ता मध्ये मध्ये उखडलेला आहे. पुढे केळव्यापर्यंत बरा. वाटेत चहा आणि वडापाव मिळतो, पेट्रोल मात्र विरारलाच भरून घ्या. पूर्ण अंतर आरामात अर्ध्या दिवसाचं आहे. आम्हाला जास्त वेळ लागला, कारण आईचा हात अवघडला की मी थांबत होतो. शेवटी शेवटी तर तिला उतरल्यावर बोटं सरळ करता येईनात.

मामा वाडीच्या तोंडाशीच उभा होता. आईपेक्षा लहान, पण दिसतो मोठा. गाडी थांबताच म्हणाला, "काय रे भाच्या, तू तिला आनलंस की तिने तुला ढकलत आनलं? सकाळपासून उभा आहे मी."

"मीच ढकललं," आई म्हणाली, आणि हेल्मेट त्याच्या हातात देऊन आत गेली. मामी तिच्या मागोमाग आत गेली. मामा मला विहिरीकडे घेऊन गेला.

दोन रात्री राहिलो. हिवाळ्यात केळव्याला कुणी ओळखीचं असेल तर उकडहंडी खाल्ल्याशिवाय येऊ नका. कोनफळ, रताळी, पापडी, शेवग्याच्या शेंगा, वांगी, सगळं हिरव्या वाटणात घोळवून मडक्यात भरायचं, केळीच्या पानांनी तोंड बंद करायचं आणि मंद आचेवर सोडून द्यायचं. हॉटेलात क्वचित मिळते. समुद्रावर सुरूच्या झाडांखाली सकाळी फिरायला जा, दुपारनंतर मुंबईकरांच्या गाड्या येतात. राहायला घरगुती खोल्या भरपूर आहेत, भाव ठरवून घ्या. मी मामाबरोबर पानवेलींमध्ये फिरलो. त्याने वेल बांधायला हात वर करायला सांगितलं, आणि माझा हात कुठवर जातो ते गुपचूप बघत होता हे नंतर लक्षात आलं. जात होता, जवळजवळ पूर्ण.

निघायच्या सकाळी आई फार लवकर तयार झाली. अंगणात गाडीजवळ जाऊन उभी राहिली, चला म्हणाली. मामी अजून चुलीपाशीच होती. मला वाटलं बोटीची घाई असेल. मग समजलं. माहेरून निघताना मामी दर वर्षी तिची ओटी भरायची. विधवेची भरत नाहीत. ती वेळ येऊच नये म्हणून आई अंगणात जाऊन उभी होती.

मामी सुपात तांदूळ, नारळ, सुपारी घेऊन बाहेर आली.

"नको गं," आई म्हणाली. "आता माझी रीत नाही राहिली."

मामी पायरी उतरून तिच्यासमोर आली. "वन्सं, इतकी वर्षं मी कोनाची ओटी भरत होते? भावोजींची? धरा पदर."

आई तशीच उभी. मामा खांबाला टेकून म्हणाला, "धर ताई. नायतर ती सूप घेऊन बोटीपर्यंत येईल. मला माहितेय ना."

आईने पदर पुढे केला. मामीने ओटी भरली. वर दोन कोनफळं आणि विड्याच्या पानांची एक जुडी ठेवली. कुणी रडलं नाही. मी बॅगा उगाच दोनदा बांधल्या.

आता आमच्या आईची एक सवय. माहेरची ओटी ती पिशवीत घालत नाही. घरी देवापुढे ठेवेपर्यंत पदरातच, डाव्या मुठीत पदराची टोकं धरून. बाबांच्या मागे ती दर वर्षी अशीच यायची. मी पिशवी पुढे केली, तिने मान हलवली. ती बसली, ओटी मांडीवर घेतली, डावी मूठ तिच्यावर. नारळ आणि कोनफळांचं वजन पुढे येत होतं. उजवा हात मागे कॅरियरकडे गेला तसा तोल गेला, नारळ घरंगळायला लागला. तिने हात परत आणला. थोडा वेळ तो हवेतच होता.

मग तो माझ्या खांद्यावर आला. तापलेल्या तव्याला लावावा तसा, फक्त बोटांची टोकं.

"दुखलं तर सांग," ती म्हणाली.

"सांगेन."

पहिल्या गतिरोधकाला बोटं उचलली गेली, मी ब्रेक मारल्यावर परत आली. सफाळ्याच्या पुढे रस्ता खराब झाला. तिथे मात्र तिला निवड नव्हती. एका मोठ्या खड्ड्यात चाक गेलं आणि तिचा पूर्ण भार, ओटीसकट, त्या हातातून माझ्या खांद्यावर आला. कळ आली. पाचूबंदरच्या वेळची तीच कळ, पण मी तिला आता ओळखत होतो. हँडल सरळ राहिलं. मी थांबलो नाही.

"दुखलं?"

"थोडं. चालेल."

त्यानंतर तिने हात काढला नाही.

बोटीवर पुन्हा उतरावं लागलं. विरारच्या बाजूला पोचलो तेव्हा ओहोटी होती, लोखंडी उतार चढायचा होता. मी पहिल्या गिअरमध्ये वर गेलो आणि रस्त्याच्या कडेला थांबलो. मागून आई पदर सांभाळत सावकाश चढून आली. आली ती बसली आणि हात खांद्यावर ठेवला. या वेळी न बघता, न विचारता, पूर्ण पंजा. आगाशी, निर्मळ, सांडोर. हा सगळा रस्ता मी आयुष्यभर चालवलेला आहे, पण त्या दिवशीइतका चांगला मी तो कधी चालवला नसेन. घराच्या फाटकापाशी आलो तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं. मी हॉर्न दोनदा वाजवला. माझ्या स्वभावाच्या मानाने ते खूप झालं.

आईने ओटी देवापुढे ठेवली. मी गाडी डबल स्टँडवर लावली. एका ओढीत. मनीषा दारात उभी राहून बघत होती, तिने बर्फाची पिशवी पुढे केली.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हँडल धरू नये, आणि सांगितल्यावर फार दिवस घाबरत बसू नये, एवढंच मी म्हणेन. खांदा दोन दिवस ठणकला. व्यायाम करून दुखतो तसा. बाबांची आठवण येते तेव्हा दुखतं ते वेगळं. ते या प्रवासाने गेलं नाही, जावं असंही मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी चहाला आई स्वतःचा उजवा दंड चोळत बसली होती. मी विचारलं, काय झालं.

"धरून धरून माझाच हात दुखतोय. बाबा खड्डे चुकवायचे. तू सगळ्या खड्ड्यांत घातलंस."

"पुढच्या वेळी चुकवीन."

"मग शीक लवकर. शिमग्याला येते म्हनून सांगितलंय मी मामाला."

मी शिमग्याची रजा आजच टाकली आहे.